छायालेखकाचा मोबदला : देशोदेशींच्या दरांमागील व्यवस्था

मराठी भाषेत श्रमाच्या मोबदल्याला एकच एक शब्द नाही. नोकरदाराला वेतन मिळते, शेतावर राबणाऱ्याला मजुरी मिळते, गवयाला बिदागी दिली जाते, व्याख्यात्याला मानधन आणि ग्रंथकाराला स्वामित्वधन. हे केवळ शब्दांचे वैपुल्य नव्हे. देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते कोणत्या प्रकारचे आहे, हे त्या त्या शब्दातून व्यक्त होते. वेतन घेणाऱ्याला सुट्टीचा हक्क असतो, बिदागी घेणाऱ्याला तो नसतो. स्वामित्वधन घेणाऱ्याचा आपल्या कृतीशी असलेला संबंध ती विकली गेल्यावरही संपत नाही.

चित्रपट, मालिका, जाहिरातपट वा माहितीपट यांचे छायालेखन करणारा मनुष्य यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो? या प्रश्नाचे उत्तर जगात सर्वत्र सारखे नाही. एक देश त्याला तासांवर वेतन घेणारा कामगार समजतो, दुसरा स्वतंत्र व्यावसायिक, तिसरा अल्प मुदतीचा नोकरदार, तर चौथा त्याला चित्रपटाचा सहनिर्माता कलावंत मानतो. देशोदेशींच्या दरांत जी तफावत आढळते तिचे एक मोठे कारण या वर्गवारीत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा परामर्श घेण्याचा उद्देश दुहेरी आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून अनेक तरुण आज या व्यवसायात उतरत आहेत. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना त्याची रीत माहीत असावी, हा पहिला. शासकीय कार्यालये, शाळा आणि पंचायती स्वतःही असे काम करवून घेतात. त्यांनी ते न्याय्य अटींवर करवून घ्यावे, हा दुसरा.

मासिक पगाराकडून मुक्त व्यवसायाकडे

आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे छायालेखन त्र्यंबक तेलंग यांनी केले, तेव्हा चित्रपटनिर्मिती हा जवळजवळ घरगुती कारखाना होता. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, मुंबईतील बॉम्बे टॉकीज यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांत नट, गायक, सुतार आणि छायालेखक हे सारेच मासिक पगारावर असत. चित्रण चालू असो वा नसो, महिन्याअखेर पगार हाती पडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर ही व्यवस्था मोडकळीस आली. स्वतंत्र निर्माते पुढे आले आणि प्रत्येक चित्रपटापुरती माणसे जमवण्याची प्रथा रूढ झाली. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये शासनाने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली आणि तेथून बाहेर पडलेले छायालेखक बहुतांशी मुक्त व्यावसायिक म्हणूनच जगले.

अमेरिकेत व युरोपातही मोठ्या चित्रगृहांची पगारी व्यवस्था अशाच रीतीने ओसरत गेली. पगार गेला, त्याबरोबर आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन आणि उद्याची शाश्वतीही गेली. ही पोकळी कोणत्या देशाने कशी भरून काढली, हाच खरा अभ्यासाचा विषय होय.

अमेरिका : तासांचा हिशेब

अमेरिकेने या पोकळीचे उत्तर संघटनेत शोधले. तेथील छायालेखक, त्यांचे साहाय्यक आणि कॅमेरा चालविणारे तंत्रज्ञ 'इंटरनॅशनल सिनेमॅटोग्राफर्स गिल्ड' या संघटनेत एकत्र आले आहेत. हॉलिवूड, न्यूयॉर्क आणि शिकागो येथील तीन शाखांच्या एकीकरणातून १९९६ मध्ये ही देशव्यापी संघटना अस्तित्वात आली. तिची मातृसंस्था निर्मात्यांच्या मंडळाशी सामूहिक करार करते आणि त्यात प्रत्येक श्रेणीचा किमान दर ठरतो. नामवंत छायालेखक याहून कितीतरी अधिक रक्कम मागू शकतो व मिळवतोही. परंतु करारातील निर्मात्याला किमान दराखाली जाता येत नाही. २०२४ च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या तीन वर्षांच्या करारात अनुक्रमे ७, ४ आणि ३.५ टक्के वाढ मान्य झाली. चक्रवाढीने पाहता ही वाढ सुमारे १५ टक्के होते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे तास. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार सामान्यतः आठ तासांनंतरच्या कामाला दीडपट आणि बारा तासांनंतरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. २०२४ च्या करारात पंधरा तासांनंतर तिप्पट दराची तरतूद झाली. याशिवाय काम केलेल्या तासांच्या प्रमाणात निर्माता आरोग्य व निवृत्तिवेतन निधीत वेगळी रक्कम भरतो. मालक बदलत राहिले तरी निधी एकच राहतो, आणि त्यामुळे मुक्त व्यावसायिकालाही म्हातारपणी आधार मिळतो.

तासांवरचा हा कटाक्ष केवळ पैशासाठी नाही. ६ मार्च १९९७ रोजी ब्रेंट हर्शमन नावाचा पस्तीस वर्षांचा साहाय्यक छायालेखक एकोणीस तासांचे काम आटोपून मोटारीने घरी जात असताना अपघातात मरण पावला. त्यानंतर कामाच्या तासांवर मर्यादा घालावी अशी मोहीम तेथील तंत्रज्ञांनी सुरू केली. दोनदा ऑस्कर पारितोषिक मिळविलेले ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी याच विषयावर २००६ मध्ये 'हू नीड्स स्लीप?' हा माहितीपट तयार केला. जादा तासांचा चढता दर हा कामगाराला मिळणारा लाभ आहेच, पण त्याहीपेक्षा तो निर्मात्याला वेळेवर काम थांबविण्यास भाग पाडणारा लगाम आहे.

ब्रिटन : मार्गदर्शक दर

ब्रिटनमध्ये चित्रपट तंत्रज्ञांची संघटना १९३३ इतकी जुनी आहे. अनेक स्थित्यंतरांनंतर १९९१ मध्ये 'बेक्टू' ही संघटना स्थापन झाली आणि २०१७ मध्ये ती 'प्रॉस्पेक्ट' या मोठ्या संघटनेचा विभाग बनली. येथे बहुसंख्य छायालेखक कायद्याच्या दृष्टीने स्वयंरोजगारी असतात. अनेक श्रेणींच्या बाबतीत संघटना जी दरपत्रके प्रसिद्ध करते ती मार्गदर्शक स्वरूपाची असतात. निर्मितीचा एकूण खर्च किती आहे त्यानुसार दरांच्या पायऱ्या ठरतात. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांसाठी मात्र निर्मात्यांच्या संस्थेशी रीतसर करार झालेले आहेत.

ब्रिटनच्या व्यवस्थेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. तेथील कायद्याने काम करणाऱ्याला वर्षाकाठी ५.६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वर्षाचे उरलेले ४६.४ आठवडे कामाचे धरले तर हे प्रमाण १२.०७ टक्के येते. म्हणून काही करारांत मूळ दर वेगळा आणि रजेचा मोबदला वेगळा दाखवला जातो. मात्र जेथे तो मूळ दरातच मिळविलेला असतो तेथे वरवर मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात लहान असतो.

फ्रान्स : रिकाम्या दिवसांचा विचार

फ्रान्सने निराळी वाट धरली. तेथे चित्रपटाचा तंत्रज्ञ हा स्वतंत्र व्यावसायिक नसून, अल्प मुदतीचा का होईना, नोकरदार मानला जातो. १९ जानेवारी २०१२ च्या राष्ट्रीय सामूहिक कराराने चित्रपटनिर्मितीतील प्रत्येक श्रेणीचे किमान साप्ताहिक वेतन ठरविले. २०१३ मध्ये शासनाने हा करार साऱ्या क्षेत्राला लागू केला. त्या वेळी लहान निर्मात्यांनी मोठी ओरड केली होती, कारण एवढे वेतन देणे आम्हांस परवडणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून कमी खर्चाच्या चित्रपटांसाठी वेगळी पुरवणी जोडण्यात आली. तीत दर कमी, परंतु पुढे चित्रपटाला उत्पन्न झाल्यास त्यात तंत्रज्ञांचा वाटा, अशी तडजोड आहे.

तथापि फ्रान्सचे खरे वैशिष्ट्य किमान वेतनात नसून बेकारी विम्यात आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या तंत्रज्ञाला, काम नसलेल्या दिवसांसाठी दैनिक भत्ता मिळू शकतो. आठ तासांचा दिवस धरल्यास हे सुमारे ६३ दिवसांचे काम झाले. चित्रपटाचा धंदा मुळातच खंडित स्वरूपाचा आहे. दोन चित्रणांमधला काळ हा आळसाचा नसून व्यवसायाचाच भाग आहे, हे तत्त्व या योजनेमागे आहे. या योजनेचे मोल तेथील कलावंतांना किती वाटते, याची प्रचीती २००३ मध्ये आली. त्या वर्षी पात्रतेचे नियम कडक करण्यात येताच कलावंत व तंत्रज्ञांनी असा संप पुकारला की, आव्हिन्याँचा सुप्रसिद्ध नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. साहजिकच, ज्याच्या रिकाम्या दिवसांची अंशतः तरी सोय झालेली आहे तो कामाच्या दिवसाचा दर थोडा कमी असला तरी निभावून नेऊ शकतो. केवळ दैनिक दर पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही.

जर्मनी : कृतीतील वाटा

जर्मनीतही सामूहिक कराराने ठरलेले किमान साप्ताहिक दर आहेत. परंतु तेथे छायालेखकाला आणखी एक अधिकार आहे. त्याचे योगदान सर्जनशील असल्यास तो चित्रपटाचा सहकर्ता मानला जातो. कृतीपासून झालेले उत्पन्न आणि कर्त्याला मिळालेला मोबदला यांत ठळक विषमता असेल, तर कर्त्याला पुढे न्याय्य वाटा मागता येईल, अशी तरतूद तेथील कायद्यात २००२ पासून आहे.

या तरतुदीची कसोटी योस्ट वाकानो यांच्या दाव्यात लागली. पाणबुडीच्या अरुंद पोटात चित्रित झालेल्या, १९८१ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'डास बूट' या चित्रपटाचे ते छायालेखक. चित्रपट जगभर गाजला, दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखवला गेला. वाकानो यांना मात्र ठरलेली ठोक रक्कमच मिळाली होती. वयाची सत्तरी उलटल्यानंतर त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. २०११ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, चित्रपटापासून झालेल्या उत्पन्नाची माहिती मिळण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. २०१६ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना काही लाख युरो द्यावेत असा निर्णय दिला. त्यानंतरही वाद चालूच राहिला आणि २०२० व २०२१ मध्ये तो पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हक्क कागदावर असणे आणि तो पदरात पडणे यांत किती अंतर असते, हेही या खटल्याने दाखवून दिले.

भारत : कायदा आणि रूढी

आपल्याकडील स्थिती या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र घेणारी व्यक्ती. परंतु चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. स्थिर चित्र टिपणाऱ्याला जे कर्तेपण कायदा देतो, ते चलत्‌चित्र टिपणाऱ्याला देत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखक यांचा स्वामित्वधनाचा हक्क सुरक्षित केला. छायालेखक त्यात आला नाही. जर्मनीतील वाकानो यांच्यासारखा दावा आपल्याकडे उभा राहू शकत नाही, तो यामुळेच. येथे छायालेखकाला जे काही मिळवायचे ते पहिल्या करारातच मिळवावे लागते.

चित्रपट कामगारांसाठी संसदेने १९८१ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. लेखी व नोंदणीकृत करारनाम्याशिवाय चित्रपट कामगाराला कामावर ठेवता येणार नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. परंतु मूळ अधिनियमात मासिक १,६०० रुपये किंवा ठोक १५,००० रुपये अशी मोबदल्याची कमाल मर्यादा होती. तिच्यापेक्षा अधिक मिळविणारा छायालेखक या संरक्षणाच्या बाहेर राही. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम विलीन करण्यात आला आणि 'दृक्‌श्राव्य कामगार' अशी व्यापक संज्ञा स्वीकारण्यात आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. लेखी कराराचा आग्रह तिच्यातही कायम आहे.

मुंबईत १९५६ मध्ये स्थापन झालेला 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज' हा महासंघ आणि त्याच्याशी संलग्न छायालेखकांची संघटना, तसेच दक्षिणेकडील संघटना दर व पाळ्यांविषयी वाटाघाटी करतात. मोठ्या चित्रणस्थळी त्यांचा वचक असतो. परंतु लग्नसमारंभ, माहितीपट, लहान जाहिराती आणि प्रादेशिक मालिका यांच्या विस्तीर्ण क्षेत्रात तोंडी व्यवहारच अधिक चालतो. बारा तासांची पाळी आणि मालिकांच्या क्षेत्रातील ९० दिवसांनी मोबदला देण्याची रूढी ही सर्वश्रुत आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे चित्रण बंद पडले, तेव्हा या रूढीचा खरा फटका बसला. काम थांबले होतेच, शिवाय आधीच्या महिन्यांत केलेल्या कामाचे पैसेही अनेकांच्या हाती आलेले नव्हते.

दरांची तुलना कशी करावी?

परदेशातील दर डॉलर किंवा युरोत ऐकून त्याला विनिमय दराने गुणण्याचा मोह अनेकांना होतो. अशी तुलना फसवी ठरते. ती करताना निदान चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी. दोन छायालेखकांचा दैनिक दर १,४०० रुपये आहे असे उदाहरणादाखल समजू. पहिल्याचा करार तासाला १०० रुपये, आठ तासांनंतर दीडपट व बारा तासांनंतर दुप्पट असा आहे. बारा तासांचे त्याचे ८०० अधिक ६०० असे १,४०० रुपये होतात. दुसऱ्याला तितकीच रक्कम ठोक ठरली आहे. आता काम सोळा तास चालले, तर पहिल्याला २,२०० रुपये मिळतील आणि दुसऱ्याला १,४०० रुपयेच. पहिल्याचा तासाचा सरासरी दर १३७ रुपये ५० पैसे झाला, तर दुसऱ्याचा ८७ रुपये ५० पैशांवर आला. कागदावर दोघांचा दर एकच होता.

दुसरी गोष्ट पैशाच्या क्रयशक्तीची. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या पाहणीनुसार, अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते ते भारतात सरासरी २० रुपये ६५ पैशांत मिळत होते. त्या वर्षी विनिमयाचा दर मात्र ६५ रुपये १२ पैसे होता. म्हणजे विनिमय दराने केलेल्या तुलनेत अमेरिकेतील मोबदला प्रत्यक्षाच्या तिपटीहून मोठा भासतो. परंतु छायालेखकाच्या बाबतीत येथेच एक मेख आहे. घरभाडे, धान्य आणि मुलांची फी तो रुपयांच्या क्रयशक्तीने भागवतो. कॅमेरा व भिंगे मात्र परदेशी बनावटीची असतात आणि त्यांची किंमत विनिमय दरानेच मोजावी लागते. यंत्रसामग्रीचे हप्ते भरणाऱ्या तरुणाला स्वस्ताईचा लाभ अर्धाच मिळतो.

तिसरी गोष्ट, दरात काय काय समाविष्ट आहे ही. कॅमेऱ्याचे भाडे, साहाय्यकाचा मोबदला, प्रवास, स्थळपाहणीचे दिवस, विमा आणि रजा हे सारे एकाच आकड्यात कोंबलेले असेल, तर त्या आकड्याची तुलना केवळ श्रमाच्या दराशी करता येणार नाही.

चौथी गोष्ट म्हणजे वर्षातील कामाचे दिवस आणि पैसे हाती पडण्याचा काळ. वर्षात दोनशे दिवस मिळणारे मध्यम दराचे काम हे साठ दिवस मिळणाऱ्या उंच दराच्या कामापेक्षा संसाराला अधिक उपयोगी पडते.

आपल्या पातळीवरील कर्तव्य

हा विषय मुंबईच्या चित्रनगरीपुरता मर्यादित आहे असे कोणी समजू नये. पाणलोटाच्या कामाचा माहितीपट, शाळेचा सुवर्णमहोत्सव, ग्रामसभेचे चित्रण, एखाद्या योजनेच्या प्रचाराची लघुचित्रफीत अशी कामे आज तालुक्याच्या गावीही निघतात. बहुधा 'दिवसाचे किती घ्याल?' एवढ्याच प्रश्नावर व्यवहार ठरतो. सर्वांत कमी दरपत्रक स्वीकारले जाते. मग सूर्योदयापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत काम लांबते आणि देयक महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते. प्रस्तुत लेखकाने शासकीय कामानिमित्त असे अनेक तरुण पाहिले आहेत. हातात कसब असूनही, देयके वसूल होईपर्यंत कॅमेऱ्याचा हप्ता थकल्यामुळे यंत्र विकून अन्य उद्योगाकडे वळलेले तरुणही त्यांत आहेत. ते गेले, त्यांच्याबरोबर त्या परिसराच्या जीवनाची नोंद ठेवू शकणारी एक नजरही गेली.

यावर उपाय अवघड नाहीत. एका पानाचा लेखी करार पुरेसा होतो. त्यात कामाचे तास, जादा तासांचा दर, यंत्रसामग्रीचे वेगळे भाडे, प्रवास व निवासाची सोय, चित्रणाचा वापर कोठे व किती काळ होणार, नामनिर्देश आणि मोबदला देण्याची तारीख एवढ्या बाबी असाव्यात. रात्री उशिरापर्यंत चित्रण चालल्यास परतीच्या प्रवासासाठी चालकासह वाहन द्यावे, ही अटही घालावी. ती खर्चाची नव्हे, जिवाची बाब आहे.

मोबदल्याच्या मुदतीबाबत तर कायद्याचे पाठबळ उपलब्ध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा सेवा पुरविणाऱ्यांनाही लागू आहे. उद्यम नोंदणी केलेला छायालेखक सूक्ष्म उद्योजक ठरू शकतो. त्याचे काम स्वीकारल्यानंतर, लेखी करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत रक्कम अदा करावी लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. शासकीय कार्यालये व स्थानिक संस्था या नियमाला अपवाद नाहीत, हे देयके मंजूर करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही नोंदणी करावयास सांगितले, तरी मोठे काम होईल.

अमेरिकेने तास मोजले, ब्रिटनने दरांच्या पायऱ्या बांधल्या, फ्रान्सने रिकाम्या दिवसांची चिंता वाहिली आणि जर्मनीने कृतीतील वाटा मान्य केला. यांतील एकही व्यवस्था निर्दोष नाही आणि एकही जशीच्या तशी उचलून आणण्याजोगी नाही. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक समान जाणीव आहे. जो माणूस इतरांच्या श्रमाची व सुखदुःखाची चित्रे टिपतो, त्याच्या स्वतःच्या श्रमाचा हिशेब अंधारात राहू नये. गावपातळीवर ही जाणीव रुजविण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील वेळी छायालेखकाला बोलावताना त्याचा दर विचारण्याआधी आपण कामाचे तास आणि पैसे देण्याची तारीख सांगितली, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.